साडेआठशे वॉट

याआधी आयुष्यात एकदाच काही लागलं होतं मला:
कॉलनीतल्या हळदीकुंकवाला, चिठ्ठी काढून,
झाकण नीट न बसणारा एक स्टीलचा डबा.
तो अजून आहे. त्यात मी स्क्रू ठेवते.

म्हणून जोरहाटच्या हितेशनं
आम्हा तीनशे खुळ्यांची नावं हेल्मेटात घातली,
(खुळे म्हणजे मशीन उघडून पुन्हा जोडणारे,
एकमेकांचे चेहरे न पाहिलेले,
पण कुणाचा कुठला पंखा कुरकुरतो ते ठाऊक असलेले)
तेव्हा मी फोन डब्याला टेकवून
मेथी निवडत होते.
त्याच्या भाचीनं चिठ्ठी उलगडली, अडखळली,
"गाय... धनी?"
आणि मी जुडीसकट उभी राहिले.

सहाव्या दिवशी बिटको चौकातून कुरिअरवाला:
"सरांना द्या ना जरा फोन."
पार्सल माझं आहे, म्हटलं.
"नाही मॅडम, हे कॉम्प्युटरचं सामान आहे."
हो. तेच.

खोक्यात खोकं, खोक्यात फोम,
चंदेरी पिशवीत मदरबोर्ड,
आणि तळाशी विटेसारखा जड पॉवर सप्लाय.
कडेवर छापलेलं: साडेआठशे वॉट.

मला हसूच आलं.
एकतीस वर्षं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात
मी स्टोअरची रजिस्टरं भरली.
तिथे मेगावॉटच्या खाली कुणी बोलत नसे.
वाळत घातलेल्या साड्यांवरची राख रोज झटकली,
पण एवढ्या विजेतली वाटीभर
घेऊन जा गं घरी,
असं कधी कुणी म्हणालं नव्हतं.

बक्षिसात प्रोसेसर नव्हता.
बक्षीस असंच असतं, मुंडावळ्या देतात, नवरा आपण शोधायचा.
महात्मा गांधी रोडवरच्या दुकानात
पोरगा म्हणाला, "मुलासाठी का, काकू?"
मी हो म्हटलं.
त्यानं पाचशे सोडले.
मूल नाही मला.
रिक्षात बसेपर्यंत
ते पाचशे रुपये मुठीतच होते.

रात्री जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरला.
बांगड्या काढल्या, खिडकीच्या गजाला हात लावला,
थंडीत अंगातच वीज साठते, ती आधी सोडावी लागते.
मसूरडाळीएवढी पेस्ट. त्यावर पंखा.
हे म्हणाले, "पण ह्याचं करायचं काय?"
सुडोकू सोडवून तुम्ही काय करता,
विचारलंय मी कधी?
ते गप्प झाले, मग टॉर्च धरून उभे राहिले.
धरता येत नाही त्यांना. सारखा माझ्या डोळ्यांत.

बटण दाबलं.
काही नाही.
पुन्हा दाबलं.
काहीच नाही.
दीड तास एकेक वायर काढली, लावली,
हितेशला शिव्या, प्रोसेसरला शिव्या,
त्या पाचशे रुपयांची तळतळ लागली असणार, हेही मनात येऊन गेलं.
मग ह्यांनी वाकून विचारलं,
"हे मागचं बटण बंदच ठेवायचं असतं का?"

एकतीस वर्षं. वीज केंद्रात.

पंखा फिरला.
काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली,
त्यात एक आकडा: प्रोसेसर, एकतीस अंश.
खाली अंथरलेल्या पेपरात, स्क्रूंच्या मधून दिसणारी बातमी:
निफाडला पारा चारवर,
द्राक्षबागांतून शेकोट्या.

हे यंत्राच्या मागच्या बाजूला गेले,
बाहेर येणाऱ्या त्या जेमतेम कोमट वाऱ्यासमोर
दोन्ही तळवे धरले.
"बरंय की," म्हणाले.

चार स्क्रू उरले.
कुठले, ते अजून कळलेलं नाही.