सदर माल

मोटर जिथं फ्रेमला धरून असते, तो कंस तडकलाय.
केसाएवढी चीर.
डोळ्याला दिसत नाही, नखाला अडकते.
गोदलीव्ह काउंटरला टेकून विचारते,
"मिळेल ना बदलून?"
सायकल सोळा महिन्यांची, हमी दोन वर्षांची.
"मिळायला हवं," मी म्हणतो.
बारा वर्षं या दुकानात काढल्यावर
'मिळेल' म्हणायचं मी सोडलंय.

तीन बाजूंनी फोटो, शेजारी मोजपट्टी.
सिरियल नंबर चिखल खरवडल्यावर सापडला,
पावती रोलांटच्या औषधांच्या चिठ्ठ्यांत.
मग शेवटचा रकाना:
बिघाडाच्या वेळी काय वाहून नेत होता?

मी म्हटलं, लिही बटाटे.
नाहीतर लिही नातवंडं, पुढची पेटी त्यांच्यासाठीच असते.
तिनं चष्मा पुसला.
"वानेस, मी आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्या,"
एवढंच म्हणाली
आणि रकान्यात, शाळेतल्या अक्षरात, लिहिलं:
नवरा.

रोलांट ट्राम चालवायचा.
आता डावी बाजू गेलीय, बोलणंही गेलंय,
पण दर गुरुवारी ती त्याला पेटीत बसवते,
लेये नदीच्या काठानं, दगडी फरशीवरून खडखडत
बटाट्याच्या तळलेल्या कापांच्या गाडीपर्यंत नेते.
आणि प्रत्येक चौकात
त्याचा उजवा हात वर जातो, घंटा वाजवायला.
लोक बाजूला होतात.
घंटा नसते तरी होतात.

कंपनीनं आधी वजन विचारलं.
तिनं कळवलं: अडुसष्ट, स्वेटरसकट.
एकोणिसाव्या दिवशी उत्तर आलं,
खाली नाव नव्हतं, नुसतं ग्राहक समाधान विभाग.
पेटीची क्षमता साठ किलो.
सदर मालाचे वजन त्याहून अधिक असल्याने
सदर बिघाड हमीत बसत नाही.

वाटाण्याच्या अक्षता
इतक्या सभ्य भाषेत लावलेल्या
मी पहिल्यांदाच पाहिल्या.

तिनं दोनदा वाचलं.
"आठ किलो," म्हणाली.
"त्याचा डावा हात असेल का रे आठ किलो?
तो तसाही काही करत नाही."
आणि हसली, मग हसता हसता
हातमोजे शोधायला लागली. ते हातातच होते.

मी तीन पत्रं लिहिली.
भिंगाखाली जोडात बुडबुडा दिसतो,
कारखान्यातच राहिलेला, मोहरीएवढा.
आठ किलोनं बुडबुडा होत नाही, असं लिहिलं.
तिन्ही वेळा तेच उत्तर,
फक्त तारीख नवी.

नवा कंस चारशे बारा युरो.
तिच्या पेन्शनकडे बघून मी तो मागवला नाही.
मेहुण्याच्या गॅरेजमध्ये रविवारी सकाळी
जाडजूड, कुरूप वेल्डिंग करून दिलं.
पुस्तिकेत छापलंय:
परस्पर वेल्डिंग केल्यास हमी संपुष्टात येईल.
संपलेली हमी अजून किती वेळा संपते?
मजुरी मी सांगितली नाही.
तिनं रबार्बच्या मुरंब्याची बरणी ठेवली,
झाकणावर तारीख घालून.

नोव्हेंबरात ती ब्रेक दाखवायला आली.
पेटीत रोलांट, गळ्यापर्यंत घोंगडीत.
सायकल स्टँडवर चढवायची म्हणून
मी त्याला काखेत हात घालून उचललं
आणि तयारीनं लावलेला जोर
वायाच गेला.

गोदलीव्हनं माझ्याकडे पाहिलं.
"सत्तावन्न," म्हणाली, मी काही विचारायच्या आत.
"आता बसतो नियमात."

मी ब्रेकची तार ताणली,
लागतो त्यापेक्षा एक पीळ जास्त दिला.
कंसही पाहिला. नख फिरवलं,
कुठंच अडकलं नाही.

खुर्चीवर बसल्या बसल्या, दुकानाच्या दारातून
समोरचा चौक दिसत होता.
त्याचा हात वर गेला.