दिलेली विधाने सत्य माना

सहा जण गोल टेबलाभोवती बसलेत, आत तोंड करून.
क च्या डावीकडे ख.
ग काही केल्या घ च्या शेजारी बसत नाही.
मी पेन्सिलीनं गोल काढते, सहा रेघा मारते
आणि तिथंच अडते :
का बसत नाही? काय झालं दोघांत?
बांधावरनं? की कुणाच्या साखरपुड्यात
पान द्यायचं राहिलं?

मगदूम सर मागून वहीत डोकावतात.
"चौगुले, चाळीस सेकंद गेली.
तुला त्यांची सोयरीक जुळवायची नाहीये."

वर्ग हसतो. हळदीच्या वखारीवरचा वर्ग आमचा,
वकील व्हायला निघालेल्या सगळ्यांचीच पुस्तकं
कडेनं पिवळी.

फोटोकडे बोट दाखवून रेवती म्हणते,
ह्यांच्या आईच्या एकुलत्या एका मुलाची बायको
ही माझी सासू.
अगं, मग सरळ सासरे म्हण की.
अल्फिया टिक मारून केव्हाच पुढं गेलेली.
माणसं बघू नको, म्हणते ती, नुसते बाण बघ.

संध्याकाळी आयर्विन पुलावरून सायकल.
खाली कृष्णा, एप्रिलातली, अंग चोरून.

विधान : पाणी चाळीस फुटांवर गेलं की रस्ता बंद होतो.
विधान : रस्ता बंद आहे.
निष्कर्ष : पाणी चाळीस फुटांवर गेलं आहे.
मी 'बरोबर'वर टिक केली. चूक.
डांबर टाकायला बंद असेल, सर म्हणाले,
मिरवणूक असेल, झाड पडलं असेल.
खरंय त्यांचं.
पण सांगलीवाडीच्या माणसाला
रस्ता बंद म्हटल्यावर झाड कुठलं आठवायला?

गिरणीत आईच्या भुवया पांढऱ्या.
मी डबे रांगेला लावते.
उपासाचा राजगिरा सगळ्यांच्या आधी,
ज्वारीवर गहू नको,
हरभरा शेवटी, कोळेकरांचा डबा सातच्या आत,
आणि कोळेकरांचा तर हरभराच.
मग हरभऱ्यासकट सगळंच सातच्या आत.
यात मला कधी पेन्सिल लागली नाही.

पुराच्या वर्षी पंचनाम्याला आलेले भाऊसाहेब
इथंच उंबऱ्यात उभे होते.
भिंतीवर बॅटरी फिरवली.
पाणी शिरलं असतं तर खूण असती, म्हणाले.
खूण नाही.
म्हणजे शिरलं नाही.
खूण आईनं दोनच दिवस आधी चुन्यानं झाकलेली,
वासानं कुणी दळण टाकेना म्हणून.
मोटर जळून गेलेली. कागदावर : निरंक.

काल रात्री पुस्तकात तेच सापडलं, चौकटीत.
जर प, तर फ. फ नाही. म्हणून प नाही.
खाली लिहिलंय : हा तर्क नेहमी वैध.
मी गार पडले.
इतकी वर्षं ज्या माणसाला मी बिनडोक म्हणत आले
त्याला पूर्ण मार्क पडले असते.
मग पहिली ओळ परत वाचली.
पाणी शिरलं तर खूण असते.
असते?
चुन्याचा डबा कुठल्या विधानात धरायचा?

पानावर सगळ्यात वर, ठळक :
दिलेली विधाने सत्य माना,
जरी ती वस्तुस्थितीशी विसंगत असली तरी.

एकवीस दिवस राहिलेत.
मानते. दोन तास मानायला काय जातंय.
वकील झाल्यावर पहिल्या विधानालाच
उलटतपासणीला उभं करीन,
पण तिथवर पोचायला आधी
टेबल भरायला हवं.

"काय गं एवढं खोडतीयास?"
"सहा जण बसलेत आई. ग घ च्या शेजारी बसत नाही."
आई पट्टा चढवता चढवता म्हणते,
"असंल जुनं काहीतरी.
मग मधी कुणाला बसवलंय?"

मधे. हे मी विचारलंच नव्हतं.
च ला उचलून मधे ठेवते. ख आपोआप सरकतो.
मोटर सुरू होते, वहीवर पीठ बसायला लागतं.
छ अजून उभाच आहे.