वॉकर नंबर चार

तेराव्याची मोठी पातेली घासून झाली
आणि जिन्याखालच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली.
कुणी दिली असं नाही,
बाकीच्यांचे हात तेवढे ओले होते.

आत दोन व्हीलचेअर,
एकीच्या चाकात अजून बंदरावरचा सुका चिखल.
कुबड्या पाच, म्हणजे एक एकटी.
पाण्याची गादी पावडर शिंपडून घडी घातलेली,
बाळाचे कपडे ठेवतात तशी.
आणि खिळ्याला सुतळीने बांधलेली वही.

हरेश्वर मोरेकर, चेंदणी कोळीवाडा, ठाणे पूर्व.
माझे सासरे.
वागळे इस्टेटला लेथवर छत्तीस वर्षं,
डाव्या करंगळीचं अर्धं पेर तिथेच राहिलं.
निवृत्तीला मिळालेलं घड्याळ त्यांनी दवाखान्याच्या भिंतीला दिलं.
आईंना म्हणाले,
"आपल्याला कशाला? खाडीचा वास आला की कळतं ओहोटी लागली."

पहिली कुबडी त्यांनीच केली,
भंगारातल्या पाइपची, धाकट्या भावासाठी.
भाऊ गेला, कुबडी राहिली,
शेजारच्यांनी मागितली.
सुरुवात म्हणावी असं याहून काही सापडत नाही.

वहीत त्यांचं अक्षर, ठासून, पान फाटेल असं:
कमोड खुर्ची. नाखवांची आत्या. परत आली, धुऊन.
वॉकर दोन. मीठबंदर रोड, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी पोचवतो.
एअरबेड. परत आला, माणूस नाही.
अनामतीच्या रकान्यात कुठे दोनशे, कुठे शंभर,
आणि कितीतरी ठिकाणी
"विचारलं नाही".

घरातही ते असेच टिपणं ठेवत.
आईंच्या मोतीबिंदूचे थेंब, दिवसातून सहा वेळा,
कॅलेंडरवर सहा टिंबं, एकही सुटलेलं नाही.
नातीची वेणी घालत ती इतकी घट्ट
की शाळेत बाई विचारत, डोळे असे का ओढलेत गं?
माझा बँकेचा डबा भरत तेव्हा बोंबलाचे काटे
त्या अर्ध्या बोटाने काढत,
म्हणत, कॅशियरने नोटा मोजायच्या, काटे नाही.

पण माझ्या लग्नाच्या पंगतीतून ते उठून गेले होते.
कुणाला तरी सिलिंडर हवा होता.
माझे वडील रिकाम्या पानाकडे बघत बसले.
ते मी विसरले नाहीये,
आज तेराव्यालाही नाही.

मागच्या दिवाळीनंतर पाय गेले.
आम्ही म्हटलं, नवा वॉकर आणू.
"आहेत की आपल्याकडे चार."
चारही बाहेर होते.
मागवून घ्या म्हटलं, तर माझ्याकडे असं पाहिलं
की मी कुणाचं ताट ओढायला निघालेय.
अकरा दिवस ते प्लॅस्टिकची खुर्ची ढकलत
संडासापर्यंत गेले.
फरशीवर तो करकर आवाज पहाटे चारला.
ऐकत पडायचो आम्ही,
उठलो तर रागवायचे.

बाराव्या दिवशी एक परत आला.
नोंद आहे:
वॉकर चार. ह. मोरेकर, घरचाच माणूस.
अनामत रुपये दोनशे, भरली.
परत करण्याची तारीख कोरी.

बिस्किटांच्या डब्यातले पैसे मी दोनदा मोजले.
सवयच ती.
जुळतात, अगदी रुपयापर्यंत,
त्यांचे दोनशे धरून.
वस्तू परत आली की अनामत परत द्यायची,
नियम त्यांचाच.
कुणाच्या हातावर ठेवू?
आईंना विचारलं तर त्या भांडी पुसत राहिल्या.

मग दारात एक पोरगा, घामेजलेला,
"आजोबा आहेत का?"
मी म्हटलं, कितवा मजला? लिफ्ट आहे?
आणि मग ऐकलं, मी काय बोलले ते.

तो खिशात हात घालतो, अनामत किती?
भरलेली आहे, मी म्हणते.

वॉकर त्यांच्या उंचीला लावलेला.
बटणं घट्ट, अंगठा दुखतो.
एकेका पायाचं बटण दाबून
एकेक भोक
मी ती उंची खाली आणते.
पोरगा मान तिरकी करून बघतो.
"अजून थोडा खाली, काकी.
आमची आजी बुटकी आहे."