सहावं बोट

तीन वाजून बावीस मिनिटं.
औलूच्या निद्रा-प्रयोगशाळेत मी एकटी जागी,
काचेपलीकडे तायस्तो,
डोक्याला एकवीस तारा चिकटवून
शाळकरी पोरासारखा शिस्तीत झोपलेला.

नऊ हिवाळे एकच स्वप्न वाहतोय तो.
गोठलेल्या समुद्रावरचा रस्ता,
ट्रक, शेजारी धाकटा भाऊ आर्मस,
आणि मग बर्फाचा तो आवाज.
फुटल्यासारखा नव्हे, तायस्तो सांगतो,
कुणी खोलवर घसा खाकरावा तसा.

डॉक्टर सिर्कानं त्याला बोटं मोजायला लावली
दिवसातून दहादा.
किराणा दुकानात, सौनात, दाढी करताना:
पाच. पाच. पाच.
बायको हसायची, पगार मोजतोस की पापं?
ज्या दिवशी सहा भरतील, सिर्का म्हणाली,
त्या दिवशी समज, तू झोपेत आहेस
आणि चाक तुझ्या हातात आहे.
मग गाडी वळव, किनाऱ्याला घे,
नाहीतर उडव सरळ आभाळात, स्वप्नाला कोण विचारतं.
वळायचा सराव त्यानं जेवणाच्या टेबलावर केला,
काड्यापेटी फिरवून फिरवून.

आणि आत्ता, पडद्यावरची रेघ
डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे.
बंद पापण्यांखालून ठरलेली खूण:
कळलंय मला.
अशा खुणा मी सात-आठ तरी पाहिल्यात,
तरी अंगावर काटा येतो.
कुलूप घातलेल्या घरात
कुणी आतून कडी वाजवावी.

मी वळणाची वाट बघते.
नाडी एकशे चार. एकशे बारा.
मग उतरू लागते, उतरतच राहते.
चार मिनिटं काही नाही.
खाली पार्किंगमध्ये बर्फ काढणारं यंत्र
तेवढं फेऱ्या घालतंय.

जागा होतो, पाणी मागतो.
'सहा होती. करंगळीच्या पलीकडे एक,
तान्ह्या मुलाचं असावं तसं.'
वळवलीस?
'नाही.'
केसांतला गोंद मी कोमट फडक्यानं पुसत राहते.
'थांबवली. इंजिन बंद केलं.
इतकी वर्षं समोरचा बर्फच बघत होतो,
त्याच्याकडे मान वळवून पाहिलंच नव्हतं.
मांडीत थर्मास धरून बसलेला,
झाकण निघेना त्याला.
मी उघडून दिलं.'
मग?
'मग बर्फानं घसा खाकरला.
कॉफी पीत होतो आम्ही.'

अहवालात एक रकाना असतो:
स्वप्नावरचं नियंत्रण, शून्य ते दहा.
सिर्का आठला येईल, तोच आधी बघेल.
मी पेन टेकवते, उचलते,
तारीख तेवढी घालते.

बसथांब्यावर उणे अठरा.
हातमोजा काढून मोजते.
पाच.
पुन्हा मोजते.
हातमोजा चढवताना, का कोण जाणे,
जराशी हिरमुसते.