चार गुण

एक्सवर थांबायचं होतं.
फुटाणा दोन पावलं आधीच थांबला
चुन्याच्या रेघेकडे बघत,
जणू ती काल इथं नव्हती.
नव्हतीच.

मी सलाम केला. पंचबाईंनी जीपमधून मान हलवली.

सीला डावीकडे. वीस मीटरचा गोल
आधी अंड्यासारखा झाला, मग बटाट्यासारखा.
दफेदार इंगवले कुंपणाबाहेरून बोलत नाहीत,
नियम आहे. नुसता मिशीला हात लावतात,
म्हणजे माझी टाच वर गेलीये.

दुडकी बरी. उजव्या अंगाला तो अजून ताठ,
लगामाची कडी चावत बसतो.
आठच महिने झालेत. त्याआधी तीन हंगाम
पंचवटीत नवरदेव वाहायचा हा,
डोळ्यांवर खोट्या मोत्यांची झालर.

एफकडे वळतो तोच
द्राक्षबागेपलीकडून ढोल. पथकाची तालीम.
आधी त्याचे कान गेले, मग मान,
मग माझ्याखाली सगळी पाठ उचलून आली
आणि तो जागच्या जागी नाचू लागला,
एकेक पाय
चिखलातून उपसल्यासारखा, सावकाश.

मी टाच दिली नाही. लगामही ओढला नाही.
पुस्तकात हे अगदी शेवटच्या पानांवर आहे,
आम्ही पहिल्या धड्यात.

ढोल थांबला. त्यानं नाक फुरफुरवलं
आणि निघाला मुकाट, एकडे.

कागदावर त्या ओळीसमोर चार गुण.
शेजारी पेन्सिलनं: आज्ञा नव्हती.
त्याखाली, खोडून पुन्हा लिहिलेलं:
पाठ मात्र बघा.

दफेदारांनी ते दोनदा वाचलं,
घडी घातली, स्वतःच्या खिशात ठेवली.
अजून परत दिलेली नाही.