एकशे तीन

सरत्या ऑक्टोबरात पुदासयार्वीचं डांबर
पहाटे काच होतं,
आणि गावातला जो तो अंगणात गुडघे टेकून
खिळ्यांचे टायर चढवू लागतो.
आमच्याकडे हे काम बाबांचं.
चाळीस वर्षं ओंडक्यांचे ट्रक दुरुस्त केलेला हात.
पाना लावायचे, अंग टाकायचे,
नट कण्हला की म्हणायचे, "पुरे."
त्या शब्दाला कुणी माप विचारलं नाही.

यंदा "पुरे" लवकर आलं.

रानुआच्या रस्त्यावर मागून खडखड.
उतरून बघते तर दोन नट
बोटांनी फिरतायत, बरणीच्या झाकणासारखे.
तिथेच आवळले, जमले तेवढे.
घरी आले, जेवले, सांगितलं नाही.
सुरी धरताना त्यांचा उजवा हात थरथरतो
तेही आम्ही एकमेकांना सांगत नाही.

दुकानात तुइरेनं तीन टॉर्क रेंच मांडले.
पहिला काट्याचा. स्प्रिंग नाही, बिघडायला काही नाही,
पण बघायचं नेमकं समोरून,
तिरकं पाहिलं की तिरकंच सांगतो.
गारठलेल्या जमिनीवर पालथे पडून
चष्मा पुसणारे बाबा मला दिसले,
मी तो बाजूला सारला.
दुसरा आकड्यांचा, हिरवा दिवा, बीप.
"उणे पंचवीसला सेल मरतो," ती म्हणाली, विकणारीच असून.
तिसऱ्याची मूठ फिरवून आकडा लावायचा,
तेवढा जोर झाला की टक्.
"कान गेले तरी तळव्याला कळतं.
चाळीस ते दोनशेचा घे, तुझं माप मधोमध पडेल,
टोकाला गेलं की हे थापा मारतात.
तपासणीच्या कागदावर याचाच नंबर आहे ना, बघ.
आणि याने नट सोडवलेस
तर तक्रार घेऊन येऊ नकोस."
लाल डब्यातला एक निम्म्या किमतीत होता.
त्यात कागद नव्हता.

बाबांनी डबा उघडला, बराच वेळ गप्प.
मग गाडीचं पुस्तक मागितलं.
"एकशे तीन? एकशे दोन का नाही?"
हसले. मला वाटलं, मिटलं.
पण उठून त्यांनी रेंचचं डोकं शिकंज्यात आवळलं,
दांड्यावर अर्धा मीटर मोजून खूण केली,
आकडा शंभरावर आणला,
खुणेला सौनाची बादली टांगली
आणि लाकडी ओगराळ्यानं पाणी ओतू लागले.
निम्मं ओगराळं जमिनीवर.
मी पुढे झाले नाही.
सांडलेलं मोजायचं नसतं,
बादलीतलं मोजायचं.
अजून एक. अजून अर्धं.
टक्.

मासे तोलायच्या काट्याला बादली लावली:
वीस किलोला पाव कमी.
रेंचचं स्वतःचं वजन धरून
भिंतीकडे बघत, ओठ हलवत
ते मनात काहीतरी मांडत राहिले.
"खरं बोलतो," म्हणाले.
आणि जरा वेळानं, "महाग पडला का?"

रविवारी वीस नट.
एक झाला की त्याच्या समोरचा, चांदणी काढावी तसे.
जॅक माझ्याकडे, रेंच त्यांच्याकडे.
दर टक्-बरोबर सवयीनं "पुरे" म्हणत होते,
एकदा आधीच म्हणाले.
थांबले.
मग पुन्हा जोर लावून
त्याच्या बोलण्याची वाट पाहिली.

काम आटोपल्यावर मूठ उलटी फिरवत
आकडा चाळिसावर आणून ठेवला,
स्प्रिंग ताणलेली निजवायची नसते.
डब्याची खिटी लावायला दोनदा चुकले.
"पन्नास किलोमीटरवर पुन्हा बघ,"
दर वर्षीसारखंच म्हणाले,
आणि हात पुसता पुसता, माझ्याकडे न बघता,
"रानुआच्या आधीच बघ."