मजुरीचा रकाना

कागद एकतीस चाळीस. पुठ्ठा पावणेनऊ.
कापड मंगलदास मार्केटातलं, तुकड्यांच्या भावात, चौदा.
दोरा एक पंच्याऐंशी; तो मी दातांनी तोडतो,
इंचभर वाया जातोच.
बेरीज छप्पन्न.
खळीचं काय?
मैदा घरच्या डब्यातला, चिमूटभर मोरचूद,
गॅस तोच, ज्यावर भात होतो.

हेतल धरोड, सीए, वय सत्तावीस,
लालबागला झेरॉक्सच्या दुकानावर तिचं ऑफिस.
म्हणाली, काका, खळीला रुपया धरा.
अंदाज चालेल,
पण दरवर्षी तोच अंदाज धरा.
म्हणजे सत्तावन्न.
एका वहीची किंमत आयुष्यात पहिल्यांदा
मी वरपासून खालपर्यंत वाचली.

खेतवाडीच्या प्रेसात एकतीस वर्षं बाइंडिंग केलं,
शेकडा बारा रुपयांपासून.
शेठच्या टेबलावर कॉस्टिंगचा गुलाबी कागद असायचा.
आम्हाला तो बघायची मनाई नव्हती,
फक्त कधी कुणी दाखवला नाही.
एकदा चहा ठेवताना दिसला:
कागदाच्या खाली, शाईच्या वर, मजुरी.
त्यात मी होतो, रऊफभाई होता,
शिलाईवरची सुमन तांडेल होती,
तिघे मिळून नगामागे एकतीस पैसे.

आता नग माझा, पुठ्ठा माझा.
मितालीने फोनवर फोटो काढून दुकान मांडलंय,
प्रत्येक वहीखाली लिहिलंय, वडिलांनी शिवलेली.
बंगळुरूहून ऑर्डरी येतात, एकदा तर शिलाँगहून आली.
काळाचौकीच्या जिन्यात कुरियरवाला माझं नाव घेऊन ओरडतो.
मी हेतलला विचारलं,
एका वहीला माझे अडीच तास जातात, ते कुठे लिहू?
तिने चष्मा वर केला.
कुठेच नाही, काका. मालक स्वतःला मजुरी देत नाही.
सगळं वजा जाऊन उरेल तो नफा, त्यावर टॅक्स.
आणि तुमच्या आकड्यांवर तसा काही बसणारही नाही.
हे ती समजूत घातल्यासारखं म्हणाली.

मी तो गुलाबी कागद आठवत बसलो.
शाईच्या वर आता थेट कागद.

एकतीस मार्चला रात्री शिल्लक माल मोजला.
त्रेचाळीस तयार. सहा अर्धवट,
शिवलेल्या, पण पुठ्ठा नाही, कण्यावर नुसती जाळी.
त्यांना कागद अधिक दोरा,
प्रत्येकी सव्वातेहतीस.
उघड्या पाठीने पलंगाखाली पडून होत्या,
बायको म्हणाली, यांना पंखा तरी लावू नको, उडतील.

हाडाची पट्टी राहिली, घडी दाबायची.
प्रेस बंद झाला त्या दिवशी रऊफभाईने दिली.
बिल नाही.
घसारा लावायचा तर मूळ किंमत पाहिजे, असं हेतलचं म्हणणं.
किंमत नाही, पण घसारा आहे की:
एका बाजूने ती माझ्या अंगठ्याच्या मापाची झिजलीय
आणि अंगठा तिच्या.
रेशनच्या दुकानातलं मशीन त्याचा ठसा घेत नाही,
पुसून लावा म्हणतात, परत पुसून लावा,
मग ओटीपी.

काल नव्या वर्षाच्या हिशेबाला वही हवी होती.
मिताली म्हणाली, एक्सेल आहे ना बाबा.
मी त्रेचाळिसातली एक काढली,
निळी, कोपरा जरा तिरका, कुणी घेतली नसती.
पहिल्या पानावर पहिली नोंद तिचीच:
एक नग, हिशेबासाठी काढला, सत्तावन्न.
शिल्लक बेचाळीस.

मग पट्टी लावून रकाने आखले,
कागद, पुठ्ठा, कापड, दोरा, खळ.
हाताच्या सवयीने सहावाही आखला गेला,
पेनाने.
खोडलं तर पान घाण दिसेल.
राहू दे.